रॅम चुकीच्या स्लॉटमध्ये आणि मी शिव्या घालतोय विंडोजला

मागचे दोन महिने पीसीवर गेम नीट चालावा म्हणून मी काय काय नाही केलं. व्हिडिओ बघून बघून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) बोटं घातली, कुठलंतरी फुकटचं बूस्टर सॉफ्टवेअर टाकलं (त्याने अजूनच रडायला लागला), टेम्प फोल्डर तर रोज झाडून काढायचो जसं काय त्यातच एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) अडकलेत. जीटीए फाईव्ह, १०८०पी, सगळं नॉर्मलवर, तरी ३५-४० एफपीएसच्या वर जाईना आणि गाडी जोरात वळवली की खडखड.

आता माझ्याकडे रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बजेटच नव्हतं. शेवटी मामेभावाला फोन लावला. म्हणाला टास्क मॅनेजर उघड, मेमरीत स्पीड किती दाखवतोय? म्हटलं २४००. "आणि रॅम कितीची घेतलीस?" ३२०० ची, दादा. मग तो जो हसत सुटला.

म्हणजे होतं काय, ३२०० ची रॅम लावली म्हणून ती आपोआप ३२०० ला पळत नाही, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मदरबोर्डाची सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं सेटिंग, चालू करावं लागतं, काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. जोडणाऱ्याने ते न करताच पीसी माझ्या हातात दिला होता. बरं एवढ्यावर भागलं नाही, सीपीयू-झी (पीसीच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये बघितलं तर चॅनेल सिंगल, म्हणजे रॅमचा डेटा दोनाऐवजी एकाच वाटेने जातोय! ८-८ जीबी रॅमच्या दोन पट्ट्या असून! कॅबिनेट उघडलं तर दोन्ही शेजारी शेजारी. चार स्लॉट असले की बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या असतात, शेजारचे दोन एकाच चॅनेलचे.

हिशोब करा, २४०० सिंगल म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी डेटा, ३२०० ड्युअल म्हणजे ५१.२. आणि या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नाही, ते याच रॅममधून उचलून खातं, मग उपाशी राहणार नाही तर काय. (कार्ड असेल तर एवढा फरक पडत नाही हां, उगाच आशेने कॅबिनेट उघडू नका.)

एक पट्टी काढून चौथ्या स्लॉटमध्ये घातली, चालू केलं, स्क्रीन काळी. पोटात गोळाच आला. परत बघितलं तर एका बाजूचा खटका बसलाच नव्हता, बोर्ड मोडेल या भीतीने मी दाबतच नव्हतो, मग अंगठ्याने जोर लावला तेव्हा कुठे टक् वाजलं. एक्सएमपी ऑन, सेव्ह, रीस्टार्ट. तोच गेम, त्याच सेटिंग, ६० च्या आसपास. खडखड जवळजवळ बंद.

बूस्टर काढून टाकलंय. रजिस्ट्रीत काय काय बदललं होतं ते मात्र आता आठवत नाहीये. आणि हो, मॉनिटर ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा) आहे, विंडोजमध्ये पहिल्या दिवसापासून ६० वर होता, ते काल कळलं.