रस्त्याचं आडनाव

मुंबईकराला रस्ता नावाने माहीत असतो, नंबराने नाही. वेस्टर्न एक्सप्रेस, ईस्टर्न एक्सप्रेस, सायन-पनवेल. 'आग्रा रोड' म्हणणारे तर अजून भेटतात, त्यांच्यातलं कुणी आग्र्याला निघालेलं नसलं तरी. नंबर आठवतो गणपतीच्या आधी, गावाला जाताना, आणि तेव्हाही तोंडात येतो जुना 'सतरा'. राष्ट्रीय महामार्गांच्या नंबरांच्या २०१० च्या फेररचनेत तो ६६ झाला. अहमदाबादचा ८ आणि पुण्या-बंगळुरूचा ४, दोघे मिळून आता ४८.

या नव्या नंबरांना एक शिस्त आहे. उत्तर-दक्षिण धावणारे सम, पूर्वेकडून पश्चिमेकडे चढत जाणारे: नागपुरातून ४४, सोलापुरातून ५२, कोकणातून ६६. पूर्व-पश्चिम धावणारे विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे चढणारे: धुळ्याचा ५३, माळशेज घाटाचा ६१, पुणे-सोलापूरचा ६५. (४८ इतका तिरका पसरलाय की आपल्या नकाशावर तो या रांगेत बसत नाही.) तीन आकडी नंबर म्हणजे फाटा. मागचे दोन आकडे आडनाव, पुढचा एक स्वतःचा. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे चढणारा १६६ हा ६६ च्या घरातला, आणि गुहागर-कराडचा १६६ई त्याच घरातलं नातवंड.

राज्याच्या रस्त्यांची उतरंड वेगळी: प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, मग प्रजिमा, इजिमा (इतर जिल्हा मार्ग), ग्रामा (ग्रामीण मार्ग). 'प्रजिमा' म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, आणि त्याचा नंबर जिल्ह्यापुरता. रायगडात प्रजिमा ५ असतो तसा ठाण्यातही असू शकतो. जिल्हा न लिहिता तक्रार केली की अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामा बहुतेक जिल्हा परिषदेकडे. खालचा रस्ता वर न्यायचा तर त्याची 'दर्जोन्नती' होते, तिला शासनाचा आदेश लागतो. डांबर तेच, खड्डेही तेच, फाइल मात्र दुसऱ्या इमारतीत.

दर्जा ओळखायचा किलोमीटरच्या दगडाच्या रंगीत टोपीवरून. पिवळी राष्ट्रीय महामार्गाची, हिरवी राज्य महामार्गाची, नारिंगी गावच्या रस्त्याची. दर पाचव्या किलोमीटरचा दगड थोराड. पण खरा कामाचा दगड बुटका असतो, गवतात लपलेला, ज्याकडे कुणी बघत नाही. दोन किलोमीटर-दगडांमध्ये दर दोनशे मीटरवर तो उभा असतो आणि त्याच्यावर नुसतं २, ४, ६ किंवा ८. बेचाळीसचा दगड मागे गेला, पुढे ४ लागला, तर तुम्ही ४२/४०० वर आहात. बांधकाम खात्याच्या भाषेत हा साखळी क्रमांक. मोजणीची साखळी गेली, शब्द राहिला. खड्डा ४ आणि ६ च्या मधोमध असेल तर ४२/५००, आणि आकडे वाढतात त्या दिशेला तोंड करून डावी की उजवी बाजू, हेही सांगायचं. एवढं लिहिलं की शाखा अभियंत्याला जागा शोधत फिरावं लागत नाही. तो तुकडा ठेकेदाराच्या दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर असते त्या मुदतीत असला, तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने होते. 'धाब्याच्या पुढे मोठा खड्डा' या पत्त्यावर कुठलाच ठेकेदार सापडत नाही.

नंबर एक म्हणजे मालक एक, असंही नाही. ६६ चंच बघा. चौपदरीकरणाला पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. मुंबईतले दोन्ही एक्सप्रेस 'हायवे' तर २०२२ पासून महापालिकेकडे आहेत. नाव हायवे, हिशेब वॉर्डातल्या रस्त्याचा.

घोळ होतो तो वळणरस्त्याने. गावाबाहेरून नवा रस्ता काढला की अंतर कमी-जास्त होतं, आणि पुढचे सगळे दगड बदलण्यापेक्षा तिथेच साखळी जुळवून घेतात. म्हणून एखादा किलोमीटर आठशे मीटरचा निघतो, एखादा बाराशेचा, आणि गाडीचा काटा खोटा वाटू लागतो. रुंदीकरणात बुटके दगड भरावाखाली जातात ते वेगळंच. गावातून जाणारा जुना तुकडा मग अवर्गीकृत होऊन, म्हणजे महामार्गांच्या यादीतून निघून, नगरपालिकेच्या गळ्यात पडतो. नंबर गेला, निधी गेला. दगड तेवढा पिवळी टोपी घालून चहाच्या टपरीला टेकून उभा, आणि त्याच्यावर गिऱ्हाइकाचा रिकामा ग्लास.