मेर म्हणजे महापौर नव्हे

फ्रेंच खेड्याच्या प्रमुखाला मराठी बातम्यांत सरसकट 'महापौर' म्हणतात आणि नागपूरकराच्या डोळ्यांपुढे सिव्हिल लाइन्समधली महापालिका येते. तिथला 'मेर' नव्वद डोक्यांच्या गावाचाही असतो. देशात लहान गावांपासून शहरांपर्यंत अशी सुमारे ३५,००० 'कोम्यून' (स्थानिक कारभाराचे घटक) आहेत, त्यामुळे तुलना करायची तर भिवापूर-कुहीकडच्या सरपंचाशी करावी.

आपला सरपंच थेट जनतेतून, पाच वर्षांसाठी. मेरला मात्र निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच निवडतात, मुदत सहा वर्षांची. एकदा बसला की अविश्वास ठरावाची सोय नाही. त्याला पदावरून काढायचं तर मंत्रिमंडळाचाच हुकूम लागतो. म्हणून बिनसलं की सदस्यच धडाधड राजीनामे देतात. जन्म-मृत्यूची नोंद, लग्न लावणं (चर्चमधलं लग्न त्यानंतरच), मतदार यादी, सगळं त्याच्याच कचेरीत. कचेरीचं नाव 'मेरी'. बऱ्याच गावांत सचिव आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच येतो, कारण तो आणखी एक-दोन गावं सांभाळतो. आपल्याकडे एकाच ग्रामसेवकाकडे दोन गावं असली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

खरी कसोटी चर्चच्या छपराची. १९०५ पूर्वीची (त्या वर्षी चर्च आणि सरकार वेगळे करणारा कायदा झाला) बहुतेक गावातली चर्च कोम्यूनच्या मालकीची आहेत. आपल्याकडे देवळाचं छत गळलं की वर्गणीची पावती फाडतात. तिथे छपराचा खर्च गावाच्या अंदाजपत्रकात येतो. समजा काम एक लाख युरोचं. वर २० टक्के व्हॅट, म्हणजे कंत्राटदाराला द्यायचे १,२०,०००. व्हॅटच्या भरपाईपोटी सरकार १६.४०४ टक्के दराने सुमारे १९,६८५ युरो परत करतं, पण छोट्या गावांना ते सहसा दोन वर्षांनी मिळतात. अनुदानं कितीही जमवली तरी साधारणपणे निदान २० टक्के वाटा गावाने स्वतः घालायचा. अनुदानाचे बहुतेक हप्तेही कामाची बिलं दाखवल्यावरच येतात. मधला काळ कर्जावर काढावा लागतो.

नवखे मेर फसतात ते तारखेत. हिवाळ्याआधी उरकू म्हणून कंत्राटदाराला होकार देतात. ग्रामीण भागासाठीच्या डीईटीआर अनुदानाचा नियम असा की अर्ज प्रिफेक्टच्या (जिल्ह्यातल्या सरकारी प्रतिनिधीच्या) कचेरीत पोहोचण्याआधी काम सुरू झालं, तर ते अनुदान हातचं जातं.