वापसा न्हाई, गुरुजी

शाळेच्या परसबागेचं काम माझ्याकडे आलं आणि मी जागा निवडली ती नव्या वर्गखोलीमागची. बांधकाम चालू असताना विटा-खडीचे ट्रॅक्टर तिथूनच फिरले होते, हे ध्यानातच आलं नाही. माती आमच्या मंगळवेढ्याकडची अस्सल काळी, म्हणजे चिंता नको असं वाटलं. मेथी उगवली, बोटभर वाढली आणि पिवळी पडली. मी युरिया टाकला. तरी पिवळीच.

एक रोप उपटून पाहिलं. मूळ चार बोटं सरळ खाली गेलेलं, तिथून काटकोनात आडवं. पहार मारली तर फरशीवर मारल्यासारखा ठण्ण आवाज. कसाबसा फूटभर खड्डा करून संध्याकाळी बादलीभर पाणी ओतलं. सकाळी ते तसंच साचलेलं.

जूनमध्ये दमदार पाऊस झाला. भुई मऊ झालीय तोवर खणून घ्यावं म्हणून शनिवारी सातवीची पोरं, कुदळी आणि बांधकामातली उरलेली वाळू घेऊन मी सज्ज. नातवाला न्यायला आलेले आबा कुंपणाशी थांबले.

"वापसा न्हाई, गुरुजी. जादा पाणी निथळून भुई अजून खणण्याजोगी झाली न्हाई. आज कुदळ घातली तर दिवाळीपतोर ढेकळं फोडाल."

त्यांनी मूठभर माती उचलली, लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. थप्प. लाडू चेपला, फुटला नाही. "ह्यो फुटंल त्या दिवशी खणा. आन काळीत वाळू कशाला? भिताड घालायचंय का?"

पोरं फिदीफिदी हसली. ओली चिकणमाती दाबली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, वाळली की वीट होते, हे मीच वर्गात शिकवलेलं!

लाडू फुटायला पाच दिवस लागले. मग फूटभर खणलं, हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला, दीड महिन्याने फुलोऱ्यावर येताच तो कापून मातीत गाडला. कुजल्यावर शेणखत घालून चार फुटी गादीवाफे केले, दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचेल एवढेच. वाफ्यावर पाय देणाऱ्याने पाटीभर ढेकळं फोडायची, हा नियम पोरांचा. चेंडू आणायला गेलो तेव्हा मलाही फोडावी लागली.

दिवाळीनंतर मुळा लावला. पहिला आबांनीच उपटला. वीतभर, सरळ, एकही फाटा नाही. उलटसुलट पाहून ते म्हणाले, "पोरं सांगत्यात, मेथीला युरिया टाकला हुता म्हणं?"

मी मुळ्याच्या जुड्या मोजायला लागलो.