चाळीत कांदा भरताना

उन्हाळी कांदा टिकणार की नाही, ते साठवणीच्या चाळीत नव्हे, वावरातच ठरतं. आमच्या निफाडकडं निम्म्या कांद्यांच्या माना, म्हणजे पातीचे बुडखे, आडव्या पडल्या की काढणी धरतात. त्याआधी पंधरा-वीस दिवस पाणी बंद. शेवटचं एक पाणी दिलं तर वजन भरतं, हे खरं. पण तो कांदा चाळीत सडतो. लगेच लासलगावच्या बाजारात न्यायचा असेल तर द्या खुशाल.

उपटलेला कांदा ओळीनं असा पसरायचा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी. मग उन्हाचा चटका बसत नाही. तीन-चार दिवसांनी पात कापायची, पण मान दोन बोटं ठेवून. सासूबाई कापणाऱ्या बायांच्या मागं फिरतात, मानेवर अंगठा दाबून बघतात. ओलसर लागली की म्हणतात, "हा इथं नको गं, वाळू दे अजून." गोल्टी म्हणजे बारका कांदा, जोडकांदा आणि डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे आलेला कांदा तर आधीच बाजूला काढलेला असतो.

चाळ जमिनीपासून उचललेली, तळाला फटी, रुंदी चार फूट. ढीग पाच फुटांवर नेला की खालचा कांदा दबतो. खरिपाचा लाल कांदा इथं ठेवूच नये, तो टिकाऊ नाहीच. एन-२-४-१ हा उन्हाळी वाण मात्र पाच-सहा महिने राहतो. खरा त्रास श्रावणात: दमट हवा, काजळी म्हणजे काळी बुरशी, कोंब.

पोळ्याला अर्धी चाळ मोकळी करावी, असं माझं म्हणणं आहे. सासूबाईंना नवरात्रापर्यंत थांबायचंय.