ल्युपस कशामुळे होतो आणि नागपूरच्या उन्हाचा त्यात वाटा किती

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपसचे निदान झाल्यापासून आमच्या नात्यागोत्यात एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे हा आजार झाला कशामुळे. कोणी सावजीच्या तिखटाला दोष देते, कोणी बाळंतपणात पथ्य न पाळल्याचे काढते, तर कोणी नजर लागली असे सांगून मोकळे होते. यातील बहुतेक तर्क शेवटी तिच्याच एखाद्या चुकीपाशी येऊन थांबतात आणि माझा आक्षेप तिथेच आहे, कारण वैद्यकशास्त्राला आजवर जे उमगले आहे त्यात अशा एका चुकीला जागाच नाही.

ल्युपसमध्ये प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींच्या केंद्रकातील डीएनए आणि प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या प्रतिपिंडांचे आणि त्या घटकांचे पुंजके मूत्रपिंडात, त्वचेत, सांध्यांत अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा निचरा निमूटपणे होत असतो. तो नीट झाला नाही, तर केंद्रकातील एरवी झाकलेले घटक प्रतिकारयंत्रणेसमोर उघडे पडतात. या निचऱ्याला हातभार लावणारे ‘सी१क्यू’ नावाचे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसते, अशा अतिशय विरळ लोकांपैकी बहुतेकांना ल्युपस होतो. कारणांच्या शोधात मला यापेक्षा बोलका पुरावा दुसरा आढळला नाही.

मात्र सर्वसामान्य रुग्णात असा एकच दोष सापडत नाही. धोका थोडा थोडा वाढवणाऱ्या शंभराहून अधिक जागा मानवी जनुकसंचात नोंदवल्या गेल्या आहेत, आणि तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असताना दुसऱ्याला तो निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. म्हणजे आनुवंशिकता जमीन तयार करते, पण पीक येईलच असे नाही.

दहा रुग्णांमागे साधारण नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा प्रजननक्षम वयातील. याचे श्रेय बराच काळ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला दिले जात असे आणि त्याचा वाटा आजही नाकारला जात नाही. परंतु आता लक्ष एक्स गुणसूत्राकडे वळले आहे. विषाणूंचे आरएनए ओळखणारे ‘टीएलआर७’ हे जनुक याच गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक निष्क्रिय केले जाते, पण हे जनुक काही पेशींत त्यातून निसटते आणि दुप्पट काम करते. जादा एक्स गुणसूत्र असलेल्या पुरुषांत ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट आढळला, हे या तर्काला धरूनच आहे. २०२२ मध्ये एका मुलीच्या याच जनुकात एकच बदल सापडला आणि तो बदल उंदरांत घडवल्यावर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला.

आता उन्हाविषयी. अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मरतात, त्यांच्यातील केंद्रकीय घटक बाहेर येतात आणि ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच बिथरलेली आहे त्याच्या गालांवर चट्टे उमटतात, पुष्कळदा सांधे आणि मूत्रपिंडेही पुन्हा त्रास देऊ लागतात. ऊन एकट्याने ल्युपस निर्माण करत नाही. तसे असते तर नागपुरात घरोघरी रुग्ण दिसले असते. आपण उन्हाची तीव्रता उकाड्यावरून मोजतो, हीच खरी अडचण आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाडीवर निघालेली प्रत्येक मुलगी डोक्याचेहऱ्याला दुपट्टा गुंडाळते, आणि पहिला पाऊस पडून हवा गार झाली की तो दुपट्टा कपाटात जातो. सूर्य मात्र नागपूरच्या थेट डोक्यावर दोनदा येतो, मेअखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला. विरळ ढगांतून अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली पोचतात, त्यामुळे माझ्या बहिणीसाठी जुलैही मेइतकाच जपण्याचा महिना आहे.

इतर घटकांपैकी धूम्रपान आणि दगडखाणीत उडणारी सिलिकाची धूळ यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. एप्स्टीन-बार विषाणूवर संशय जुना आहे, पण तो जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्कामाला असतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर खापर फोडता येत नाही. हायड्रॅलाझिन, प्रोकेनामाइड आणि क्षयावरचे आयसोनियाझिड यांसारख्या औषधांनी ल्युपससारखी लक्षणे उद्भवू शकतात; औषध थांबवल्यावर ती बहुधा ओसरतात. अर्थात क्षयाचे औषध स्वतःच्या मनाने बंद करणे हा त्याहून मोठा धोका आहे, तो निर्णय डॉक्टरांचाच.

काळाचा हिशेबही नातेवाइकांच्या तर्कांशी जुळत नाही. अमेरिकी लष्कराने साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानापूर्वीच प्रतिपिंडे होती, काहींत तर नऊ वर्षे आधीपासून. निदानाच्या आदल्या महिन्यात काय खाल्ले, याची चौकशी करून त्यामुळेच काही हाती लागत नाही.

आता घरात नवा विषय निघाला आहे तो भाचीच्या रक्ततपासणीचा. लक्षणे नसताना एएनए (केंद्रकातील घटकांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी) करू नका, असे संधिवाततज्ज्ञांनी सांगितले आहे, कारण कमी पातळीवरचा एएनए कित्येक निरोगी माणसांतही आढळतो आणि ल्युपस झालेल्या आईच्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. सांधे सुजणे, उन्हाने चट्टे येणे, लघवीला फेस येणे यांपैकी काही दिसले तरच तिला तपासणीसाठी न्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.