थाळीफेकीच्या फायनलनंतरची माझी पहिली डोप टेस्ट

ग्राउंडवरच्या ज्युनियर मुली नॅशनलला निघाल्या की हमखास विचारतात, ताई डोपिंगवाल्यांनी बोलावलं तर काय करायचं? म्हणून एकदा नीट लिहितेय.

फायनलचा सहावा थ्रो टाकून बॅग भरत होते तोवर एक मॅडम आल्या, ओळखपत्र दाखवलं, फॉर्मवर सही घेतली आणि तिथून पुढे मला नजरेआड होऊच दिलं नाही. कूलडाऊन करता येतं, मेडल घ्यायला जाता येतं, पण त्या सोबत असतातच. कोचना बरोबर नेता येतं, न्याच.

खरी परीक्षा पुढे. दुपारभर उन्हात घाम गाळलेला, लघवी होईचना, आणि किमान ९० मिली तर लागतेच. पाणी सीलबंद बाटलीतलं प्यायचं पण ढसाढसा नाही, कारण सॅम्पल फार पातळ निघालं तर चालत नाही, परत द्यावं लागतं. देताना मॅडम समोर उभ्या राहून बघतात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या शांतपणे बोलत राहिल्या नि जमलं. मग सॅम्पलच्या बाटल्यांचं किट मीच निवडलं, ए आणि बी बाटल्यांचे नंबर मीच जुळवले, ओतलं मीच, झाकणंही मीच लावली. लॅबला आपलं नाव जात नाही, नुसता नंबर जातो.

फॉर्मवर मागच्या ७ दिवसांतली औषधं, सप्लिमेंट सगळं लिहायचं. आपली थाळीफेकपटू कमलप्रीत कौर, तिच्यावर माझा फार जीव. टोकियो ऑलिंपिकला क्वालिफिकेशनमध्ये ६४ मीटर, फायनलला ६३.७० टाकून सहावी आली, आम्ही सगळ्या ओरडत होतो! आणि २०२२ ला तिच्या सॅम्पलमध्ये स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं, ३ वर्षांची बंदी. तेव्हापासून मी प्रोटीनच्या प्रत्येक डब्याचं बिल आणि बॅच नंबरचा फोटो ठेवते, साध्या सर्दीलाही डॉक्टरांना आधी सांगते की मी खेळाडू आहे, कारण सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात मर्यादेबाहेर सापडलं तर केस होते.

त्या मॅडमवर चिडू नका गं. ही टेस्ट आहे म्हणून आपल्या मीटरांना किंमत आहे, असं मला मनापासून वाटतं.

निघताना फॉर्मची कॉपी घ्या, जपून ठेवा. आणि फायनलच्या संध्याकाळचं परतीचं रिझर्वेशन काढू नका, सॅम्पल होईपर्यंत सोडत नाहीत.