लिअहाखच्या धारेवर

स्कॉटलंडच्या वायव्येला टॉरिडन खोऱ्यातल्या रस्त्यावर उभे राहिले की उत्तरेची सारी बाजू लिअहाख या एकाच डोंगराने अडवलेली दिसते. गेलिक भाषेतल्या या नावाचा अर्थ 'करडा' असा आहे. मात्र डोंगराचे अंग तांबूस-तपकिरी वालुकाश्माचे असून करडेपणा माथ्यावरच्या क्वार्ट्झाइट या कठीण खडकाच्या टोपीपुरताच आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा वालुकाश्म जवळजवळ १०० कोटी वर्षांचा. तरीही एकावर एक रचलेले त्याचे आडवे थर पाहून मला पहिल्याच दिवशी घाटमाथ्यावरचे कडे आठवले होते.

येथे ३,००० फुटांहून, म्हणजे ९१४ मीटरहून उंच शिखरांना 'मन्रो' म्हणतात. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली आणि आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत. त्यांपैकी दोन लिअहाखवर आहेत : १,०५५ मीटरचे स्पिजन अ खोरे ले आणि पश्चिमेकडचे १,०२३ मीटरचे मुल्लाख अन राहान. या दोहोंना जोडणाऱ्या धारेवर अम फासरिनन नावाचे सुळके आहेत आणि त्यांच्यासाठीच मी आणि माझी मैत्रीण जूनमधल्या एका कोरड्या सकाळी निघालो.

ओढ्याच्या कडेने चढणारी पायवाट समुद्रसपाटीच्या जवळूनच सुरू होते आणि धारेला लागेपर्यंत उसंत देत नाही. पुढे पहिल्या शिखराखाली क्वार्ट्झाइटचे डगमगणारे धोंडे लागतात, ज्यांवर प्रत्येक पाऊल आधी चाचपून मगच भार टाकावा लागतो.

सुळक्यांपाशी खरा निर्णय घ्यायचा असतो. दक्षिण अंगाने त्यांना वळसा घालणारी एक अरुंद पायवाट दिसते, आणि सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आडवी वाट म्हटली की सुटका वाटते. परंतु ही वाट जागोजागी झिजून वाहून गेलेली आहे. तिच्यावर घसारा आहे, ओल्या गवताचे तीव्र उतार आहेत आणि पाय सुटला तर मध्ये अडवणारे काही नाही. याउलट सुळक्यांच्या माथ्यावरून जाताना दृष्टिभय, म्हणजे खालची खोली पाहून वाटणारी भीती, कितीतरी अधिक असले, तरी कोरडा वालुकाश्म बुटाला घट्ट धरतो आणि बोटांना भरपूर खाचा मिळतात. म्हणून आम्ही कातळच निवडला, आणि तो निर्णय योग्य होता असे मी आजही ठामपणे म्हणेन. अर्थात कातळ ओला असता, तर मी सुळक्यांपूर्वीच मागे फिरले असते.

हरिहरसारख्या किल्ल्यावर कोणीतरी शतकांपूर्वी पायऱ्या आणि खोबण्या खोदून ठेवल्या आहेत, त्यामुळे हात कुठे घालायचा हे ठरलेले असते. येथे खोदलेली पायरी नाही, साखळी नाही, रंगाची खूणही नाही. एका ठिकाणी उतरताना मला खालची पायरी दिसेना. तेव्हा तोंड कातळाकडे करून, तीन आधार पक्के ठेवून, चौथा पाय हळूहळू खाली सरकवत मी ती शोधली. उजव्या हाताला 'खोरे ना काइम' नावाची खोल दरी आणि तिच्यातली लहान तळी सतत दिसत होती. त्या टप्प्यावर आम्ही दोघी फारसे बोललो नाही. एक जण थांबे, दुसरी पार होई, आणि मगच पहिली हलत असे.

शेवटचा सुळका मागे पडल्यावर धार रुंद आणि गवताळ होते. मुल्लाख अन राहानवर बसून डबा उघडला तेव्हा खाली लॉख टॉरिडन या खाडीचे पाणी चकाकत होते. दक्षिणेकडची उतरण गुडघ्यांची कसोटी पाहणारी निघाली. रस्त्याला लागल्यावर गाडीपर्यंत उलट चालत जायचे होते. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, तरी उजेड पुरेसा होता आणि वर सुळक्यांची प्रत्येक खाच वेगळी ओळखता येत होती.